४८५ संपत आलाय आणि इन्व्हिटेशनचा पत्ता नाही: आता काय करायचं, कोणत्या क्रमाने

"मावशी, ईओआय टाकून ठेवलाय ना, मग १८ सप्टेंबरनंतर राहिलं तर चालेल?"

हा मेसेज माझ्या मैत्रिणीच्या भाचीचा. मुलगी सांगलीची. मेलबर्नला सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स केलं, फूटस्क्रेला दोघींबरोबर घर शेअर करून राहते, नोकरीला लागून अकरा महिने झालेत. हातात ४८५, म्हणजे ऑस्ट्रेलियात शिकून झाल्यावर काही वर्षं राहून काम करू देणारा तात्पुरता व्हिसा. सोबत व्हिसाच्या पत्राचा फोटो होता आणि तारखेभोवती लाल पेनाने गोल काढलेला.

नाही, चालणार नाही. तिला हे सांगताना मलाच वाईट वाटलं, कारण असं समजून बसलेली ती एकटी नाही. दर वर्षी चारपाच मुलंमुली हाच प्रश्न घेऊन येतात आणि बहुतेक जण फार उशिरा येतात. तिच्यासोबत बसून जे केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट नाही, या वाटेवरून गेलेली एक बाई आहे. तुमच्या केसचा निर्णय नोंदणीकृत एजंटला किंवा वकिलाला दाखवूनच घ्या. पण त्याच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

ईओआय म्हणजे व्हिसा नव्हे

ईओआय म्हणजे "मी यायला तयार आहे, बोलवा" एवढंच सरकारला कळवणं, एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट. २०१२ पासून हे काम स्किलसिलेक्ट या ऑनलाइन यंत्रणेतून चालतं. तिथे नाव घालायला फी नाही. नाव दोन वर्षं राहतं. त्या काळात बोलावणं, म्हणजे इन्व्हिटेशन आलं, तर पुढच्या ६० दिवसांत व्हिसाचा खरा अर्ज भरायचा असतो. तो भरून फी गेली की ब्रिजिंग व्हिसा ए, म्हणजे निकाल लागेपर्यंत राहू देणारा मधला व्हिसा मिळतो, आणि हातातला व्हिसा ज्या दिवशी संपतो त्या दिवसापासून तो लागू होतो.

म्हणजे संरक्षण मिळतं ते अर्ज भरल्यावर, नुसत्या ईओआयवर नाही. तुमच्या व्हिसाची तारीख आणि बोलावण्याची तारीख यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. उद्या व्हिसा संपतोय म्हणून स्किलसिलेक्ट तुमचं नाव वर घेत नाही.

व्हिसा संपला, दुसरा अर्ज भरलेला नाही आणि तरी राहिलात, तर तुमचं राहणं बेकायदा ठरतं. असे २८ दिवसांहून जास्त गेले, तर पुढची तीन वर्षं बहुतेक तात्पुरत्या व्हिसांचं दार बंद होऊ शकतं. "बघू, काहीतरी होईल" म्हणत थांबणं इतकं महाग पडतं.

पहिलं काम: सगळ्या तारखा एका कागदावर

आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसलो. फ्रिजवर आईने सांगलीहून पाठवलेलं कालनिर्णय होतं, तेच खाली उतरवलं. व्हिसाची तारीख पत्रावरून नव्हे, व्हेवोवरून घ्या. गृहविभागाच्या या ऑनलाइन सेवेत तुमचा चालू व्हिसा, त्याच्या अटी आणि शेवटची तारीख दिसते. पुष्कळांच्या डोक्यात मंजुरीच्या दिवसापासून मोजलेली अंदाजाची तारीख असते आणि ती चुकते.

त्याखाली बाकीच्या तारखा. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल बोलावणं येण्याच्या दिवशी तीन वर्षांहून जुना नको. स्किल असेसमेंटही (व्यवसायाच्या संस्थेने तुमची पात्रता तपासून दिलेलं पत्र) त्या दिवशी जिवंत हवं. साधारण तीन वर्षं चालतं, पण संस्थेने कमी मुदत लिहिली असेल तर तीच धरायची. आयटीवाल्यांच्या संस्थेचं, एसीएसचं पत्र दोन वर्षांचं असतं. ईओआयची दोन वर्षं कधी संपतात तेही लिहा. मग तुमचा वाढदिवस, कारण बोलावणं गुणांवर येतं आणि वयाचेही गुण असतात. २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ लागलं की २५, चाळिशीला १५, आणि पंचेचाळिसावं लागल्यावर बोलावणंच येत नाही. नोकरीचं एक वर्ष, तीन वर्षं पुरी होण्याचा दिवस लिहा. आणि १ जुलै लिहा. त्या दिवशी नवं वर्ष, नव्या जागा, बहुतेक वेळा नवी फी आणि पुष्कळदा नवे नियम सुरू होतात.

आता उलटं मोजायचं. व्हिसाच्या शेवटच्या दोन आठवड्यांवर काट मारा. ते दिवस कार्ड नाकारलं जाण्याचे, साइट बंद पडण्याचे, कागद न सापडण्याचे. मग शेवटच्या तारखेआधी तीन महिन्यांवर एक खूण करा, तिच्यासाठी ती १८ जून होती. त्या दिवसापर्यंत बोलावणं आलं नाही, तर त्यानंतर बोलावण्याची वाट बघणं हे मुख्य काम राहत नाही. दुसरी वाट धरणं हे मुख्य काम होतं. ही खूण जवळजवळ कोणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

दुसरं काम: गुण पुन्हा, पुराव्यासकट मोजा

कायद्याने किमान ६५ गुण लागतात. ६५ वर ईओआय टाकता येतो, बोलावणं येईलच असं नाही. शिक्षण, नर्सिंग आणि बांधकामातल्या काही कामांना कमी गुणांवरही बोलावलं जातं. आयटी आणि अकाउंट्सवाल्यांना ९० देखील अपुरे पडलेले मी पाहिलेत. आपल्या व्यवसायाचा आकडा बोलावण्यांच्या गेल्या फेरीत कुठे थांबला ते गृहविभाग प्रसिद्ध करतो, तो वाचा. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या आकड्यांवर जाऊ नका.

भाचीचा हिशेब असा होता. वय २९, म्हणून ३०. मास्टर्सचे १५. ऑस्ट्रेलियात दोन वर्षं शिकल्याचे ५. लग्न झालेलं नाही त्याचे १० (जोडीदार ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तरी हे १० मिळतात). इंग्रजी प्रोफिशिअंट (मधली पातळी; खाली कॉम्पिटंट, वर सुपिरिअर), १०. एकूण ७०. तिने ईओआयमध्ये ७५ लिहिले होते, नोकरीच्या एका वर्षाचे ५ धरून. पण वर्ष पुरं व्हायला महिना बाकी होता.

ही चूक भयंकर आहे. बोलावणं तुम्ही लिहिलेल्या गुणांवर येतं. अर्जाची तपासणी करणारा अधिकारी विचारतो की बोलावणं आलं त्या दिवशी हे गुण खरोखर होते का. नसतील तर अर्ज नाकारला जातो, हजारो डॉलरची फी परत मिळत नाही आणि नकाराची नोंद कायमची होते. आम्ही पहिल्यांदा तो ७५ चा आकडा ७० केला. तिचे डोळे भरून आले, पण केला.

नोकरीचे गुण मोजताना आणखी एक बघा. काम तुमच्या नेमलेल्या व्यवसायातलंच हवं, पगारी हवं, आठवड्याला किमान २० तास हवं, आणि असेसमेंट करणारी संस्था ज्या तारखेपासून तुम्हाला कुशल मानते त्यानंतरचं हवं. एसीएस अनुभवातली काही वर्षं पात्रतेसाठी वजा करते. पाच वर्षं काम केलेल्याला तीनच मोजलेली मिळतात आणि धक्का बसतो. पत्र नीट वाचा, त्यात ती तारीख छापलेली असते.

तिसरं काम: आपली मराठी पाच गुण देते

यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण आपल्यातले अर्धे लोक हे गुण सोडून देतात.

नाटी ही ऑस्ट्रेलियातली दुभाषे आणि अनुवादक प्रमाणित करणारी संस्था. तिची सीसीएल नावाची परीक्षा आहे, ती उत्तीर्ण झालात की ५ गुण, आणि तिच्या भाषांमध्ये मराठी आहे. पुष्कळ मराठी मुलं हिंदीतून देतात, "क्लास हिंदीचे मिळतात" म्हणून. ज्या भाषेत आजीशी भांडलात त्या भाषेत द्या.

परीक्षा ऑनलाइन होते. दोन संवाद ऐकवतात. एक जण इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी. प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ३५ शब्दांचा. तुकडा थांबला की तो तुम्ही दुसऱ्या भाषेत सांगायचा. एकूण गुण ९०. उत्तीर्ण व्हायला ६३ हवेत आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. विषय दवाखाना, बँक, घरभाडं, विमा, शाळा, कोर्ट, सरकारी मदत असे रोजचे.

अडचण येते ती इंग्रजीची नाही. आपल्याला मराठी शब्द आठवत नाही. "द अॅनेस्थेटिस्ट विल सी यू बिफोर द सर्जरी" हे वाक्य कानावर पडतं आणि तोंडातून "अॅनेस्थेटिस्ट सर्जरीच्या आधी बघेल" बाहेर पडतं. एखादा रुळलेला इंग्रजी शब्द चालतो, सगळं वाक्य इंग्रजीत ठेवलं तर गुण जातात. "शस्त्रक्रियेच्या आधी भूलतज्ज्ञ तुम्हाला भेटतील" असं यायला हवं. भाचीने एक वही केली: तारण, जामीन, साक्षीदार, प्रतिज्ञापत्र, थकबाकी, हप्ता, वारस, पालकत्व, रक्तदाब, लघवीची तपासणी. रोज रात्री आईला फोन करायचा, आईने मराठी बातमी वाचायची, हिने इंग्रजीत सांगायची, मग उलटं. तिच्या आईला हे इतकं आवडलं की परीक्षा झाल्यावरही तो फोन बंद झाला नाही.

आकडे, तारखा, नावं चुकवू नका, ऐकताना लिहून घेता येतं. प्रत्येक संवादात एकदा तुकडा पुन्हा ऐकायला मागितला तर गुण कापत नाहीत, तो लांब तुकड्यासाठी राखून ठेवा. तारीख आणि निकाल यात आठवडे जातात, म्हणून आजच नोंदणी करा. निकाल बोलावण्याच्या आधी हातात हवा. नंतर आलेल्या निकालाचे गुण धरत नाहीत.

इंग्रजी, आणि बाकीचे गुण

प्रोफिशिअंटवरून सुपिरिअरवर गेलात की १० वाढतात. एका परीक्षेत इतके गुण दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. आयएल्ट्समध्ये सुपिरिअर म्हणजे चारही भागांत ८. पीटीई देणाऱ्यांनी जुन्या क्लासच्या सांगण्यावर जाऊ नये. ७ ऑगस्ट २०२५ पासूनच्या परीक्षांना प्रत्येक भागाचा आकडा वेगळा आहे. पूर्वी सुपिरिअरला सगळीकडे ७९ लागायचे, आता ऐकण्यात ६९, वाचनात ७०, लिखाणात ८५ आणि बोलण्यात ८८ लागतात. म्हणजे मेहनत कुठे घ्यायची ते बदललंय: बोलण्यात आणि लिखाणात.

लग्न झालेलं असेल तर जोडीदाराकडे बघा. त्याचं किंवा तिचं स्किल असेसमेंट आणि कॉम्पिटंट इंग्रजी असेल, वय ४५ च्या आत असेल, तर १०. नुसतं इंग्रजी असेल तर ५. बायकोने पुण्यात बी.ई. केलंय, इथे घरी आहे, आणि नवऱ्याने तिचं असेसमेंट कधी करूनच घेतलं नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. दोघांपैकी मुख्य अर्जदार कोण असावा हेही पुन्हा तपासा. पुष्कळदा तिचे गुण जास्त निघतात.

आयटी, अकाउंट्स आणि इंजिनिअरिंगवाल्यांना प्रोफेशनल इयर या व्यावसायिक कोर्सचे ५ मिळतात, पण त्याला ४४ आठवडे लागतात. व्हिसाला वर्षही उरलं नसेल तर तो विचार सोडा.

ईओआय नीट ठेवणं

समान गुणांच्या लोकांत ज्याने ते गुण आधी गाठले त्याला आधी बोलावतात. गुण बदलले की तुमची ही तारीखही बदलते. पत्ता किंवा फोन बदलल्याने बदलत नाही, म्हणून साध्या दुरुस्त्या करायला घाबरू नका.

चालू नोकरीची शेवटची तारीख रिकामी ठेवा, म्हणजे वर्ष पुरं झालं की गुण आपोआप वाढतात. मात्र नोकरी सुटली तर त्याच दिवशी तारीख भरा. नाहीतर यंत्रणा मोजत राहील आणि खोटे गुण तुमच्या नावावर जमा होतील.

१८९ (नामांकनाशिवायचा कायमचा व्हिसा), १९० (राज्याच्या नामांकनाचा कायमचा) आणि ४९१ (प्रादेशिक भागाचा तात्पुरता) यांच्यासाठी वेगवेगळे ईओआय करा. प्रत्येक राज्यासाठीही वेगळा. एका ईओआयवर बोलावणं आलं की तो ६० दिवस गोठतो आणि त्यात टाकलेले दुसरे पर्याय त्याच्याबरोबर अडकतात. एका ईओआयवर दोन बोलावणी येऊन वाया गेली तर तो ईओआय काढून टाकला जातो.

फेरी कधी येते

दर महिन्याला फेरी येते असं समजून बसलेल्यांसाठी दोन तारखा सांगते. १८९ ची एक मोठी फेरी ७ नोव्हेंबर २०२४ ला झाली. त्यानंतरची थेट २१ ऑगस्ट २०२५ ला. मधले नऊ महिने शांतता. त्या नऊ महिन्यांत किती जणांचे ४८५ संपले असतील! जागाही कमी झाल्या: २०२३-२४ मध्ये १८९ साठी ३०,३७५ होत्या, २०२४-२५ मध्ये १६,९००. त्याच वर्षी राज्यांच्या १९० ला आणि प्रादेशिक विभागाला ३३,०००-३३,००० ठेवल्या गेल्या.

म्हणून एकट्या १८९ वर बसून राहू नका. १९० मध्ये राज्याच्या नामांकनाचे ५ गुण वाढतात, ४९१ मध्ये १५. प्रत्येक राज्याची पद्धत निराळी. व्हिक्टोरियात ईओआयशिवाय राज्याच्या साइटवर वेगळी नोंदणी करावी लागते आणि ती न करता वर्षभर वाट बघणारे लोक असतात. कॅनबेरात स्वतःची गुणपद्धत आहे. न्यू साउथ वेल्सचं बोलावणं आलं की राज्याकडे अर्ज करायला १४ दिवस मिळतात, म्हणून कागद आधीच तयार हवेत. टास्मानिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया तिथे राहणाऱ्या, काम करणाऱ्यांकडे आधी बघतात. राज्यांच्या जागा भरल्या की दार बंद, पुढच्या वर्षीच्या वाटपापर्यंत.

४९१ बद्दल आपल्याकडे एक कमीपणाची भावना आहे, "पीआर नाही, तात्पुरताच." तो पाच वर्षांचा व्हिसा आहे. नेमलेल्या भागात राहून तीन वर्षांच्या कराची पत्रं दाखवली की १९१ या कायमच्या व्हिसाला अर्ज करता येतो. आणि नेमलेला भाग म्हणजे ओसाड माळ नव्हे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडून बाकी सगळं त्यात येतं. पर्थ, अॅडलेड, कॅनबेरा, होबार्ट, गोल्ड कोस्ट, जीलाँग, न्यूकॅसल ही सगळी त्यात आहेत. बंधन मात्र खरं आहे: तीन वर्षं दुसऱ्या बहुतेक कायमच्या स्किल्ड व्हिसांना अर्ज करता येत नाही. तरीही ज्याच्या हातात चार महिने उरलेत, त्याने ४९१ ला नाक मुरडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१८ जूननंतरच्या वाटा

आता ती तीन महिन्यांची खूण आली, बोलावणं नाही. पुढचं सगळं त्या दिवसाआधीच चौकशी करून ठेवलेलं असावं.

सर्वात आधी दुसरा ४८५. तुमची डिग्री प्रादेशिक भागातल्या कॅम्पसची असेल आणि पहिल्या ४८५ वर तुम्ही अशाच भागात दोन वर्षं राहिला असाल, तर एक ते दोन वर्षांचा दुसरा ४८५ मिळू शकतो. मेलबर्नच्या भाचीला याचा उपयोग नव्हता, जीलाँगला किंवा अॅडलेडला शिकलेल्यांना आहे. पहिल्याच ४८५ ची मुदतही तपासून बघा. भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारामुळे भारतीय पासपोर्टवाल्यांना मास्टर्सनंतर तीन आणि पीएचडीनंतर चार वर्षांपर्यंत मिळतात.

मग मालकाकडून ४८२, म्हणजे मालकाने स्पॉन्सर केलेला तात्पुरता कामाचा व्हिसा. डिसेंबर २०२४ पासून याचं नाव स्किल्स इन डिमांड झालं. एका वर्षाचा पूर्णवेळ अनुभव पुरतो, आधी दोन लागायचा. व्यवसाय यादीत हवा आणि पगार ठरलेल्या रकमेच्या वर हवा. जुलै २०२५ पासून ती रक्कम वर्षाला ७६,५१५ डॉलर होती, दर जुलैत बदलते. भाचीने हे बॉसला विचारायला तीन आठवडे घेतले. लाज वाटत होती. मी तिला सांगितलं की तू भीक मागत नाहीस, तू नसशील तर त्यांना नवा माणूस शोधून शिकवावा लागेल. मागताना तीन गोष्टी कागदावर न्या: तुमच्या व्हिसाची तारीख, व्यवसायाचा कोड, आणि कंपनीने काय भरायचं असतं. कंपनीची स्पॉन्सर म्हणून मंजुरी, पदाचं नामांकन आणि तुमचा व्हिसा असे तीन अर्ज असतात. प्रशिक्षण निधीची रक्कम कंपनीनेच भरायची असते, ती तुमच्या पगारातून कापणं बेकायदा आहे. आणि स्पॉन्सरशिपसाठी कोणी पैसे मागितले, तर तिथून उठा. डिसेंबर २०१५ पासून असे पैसे घेणं आणि देणं दोन्ही कायद्याविरुद्ध आहे. हा मागणारा पुष्कळदा आपल्यातलाच, आपल्या भाषेत गोड बोलणारा असतो. ४८२ वर असतानाही तुमचा १८९ चा ईओआय जिवंत राहतो, आणि मंजूर स्पॉन्सरकडे दोन वर्षं झाली की १८६ या मालकामार्फतच्या कायमच्या व्हिसाचा रस्ता उघडतो.

जोडीदाराकडे स्वतःचा व्हिसा असेल तर त्यावर अवलंबून म्हणून जाता येतं का ते विचारा.

विद्यार्थी व्हिसा: ही वाट संपली. १ जुलै २०२४ पासून ४८५ धारकाला ऑस्ट्रेलियात राहून विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करता येत नाही. "एखादा डिप्लोमा घेऊन ठेव" असा सल्ला अजून दिला जातो, तो जुना आहे.

व्हिजिटर व्हिसा: अर्ज करता येतो, त्यावर ब्रिजिंगही मिळतो, पण साधारणपणे काम करता येत नाही, म्हणजे पगार बंद, भाडं चालू. आणि तो खरोखर पाहुणा म्हणून राहण्यासाठी आहे. नुसता वेळ काढायला भरलेला अर्ज नाकारला गेला आणि तोवर ४८५ संपलेला असला, तर कायद्याच्या कलम ४८ मुळे इथे बसून १८९ चा अर्जच करता येत नाही. बोलावणं येतं आणि हातातून जातं. हा निर्णय एजंटशिवाय घेऊ नका.

एजंटचा नोंदणी क्रमांक मायग्रेशन एजंट्स रजिस्ट्रेशन अथॉरिटीच्या साइटवर टाकून बघा. दोन मिनिटं लागतात.

बोलावणं आलं तर

६० दिवस भरपूर वाटतात, पण तुमचा व्हिसा त्याआधी संपत असेल तर तुमची मुदत ती. अर्ज त्याआधी गेला पाहिजे. जुलै २०२५ पासून १८९ च्या मुख्य अर्जदाराची फी ४,९१० डॉलर होती, वर कार्डाचा अधिभार. कार्डाची रोजची मर्यादा आधीच वाढवून घ्या. वडिलांनी सांगलीहून पाठवलेले पैसे पोचायलाही दिवस लागतात.

कागदांत आपल्या मराठी लोकांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, पदवीवर ते नाहीच, आणि लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. आपल्याला यात काही विचित्र वाटत नाही, अधिकाऱ्याला ही चार वेगळी माणसं वाटू शकतात. सगळी नावं अर्जात "इतर नावं" म्हणून लिहा, विवाह नोंदणीचा दाखला जोडा, राजपत्रात नाव बदललं असेल तर ते पान जोडा, आणि पासपोर्टवरचं नावच सगळीकडे मुख्य धरा. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर नाटी प्रमाणित अनुवाद करून घ्या.

गेल्या दहा वर्षांत जिथे बारा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलिस दाखला लागतो. ऑस्ट्रेलियाचा फेडरल पोलिसांकडून लवकर येतो. भारताचा इथून व्हीएफएसमार्फत काढताना गावच्या पोलिस ठाण्याशी पडताळणी अडकू शकते, म्हणून त्याला आधी हात घाला. पगाराच्या स्लिपा, कराची पत्रं, सुपरचा (निवृत्ती निधीचा) उतारा आणि मालकाचं कामाचं सविस्तर पत्र हे सगळं एकाच फोल्डरमध्ये, एकाच तारखा दाखवणारं हवं.

अर्ज गेल्यावर ब्रिजिंग ए मिळेल, पण ४८५ चालू असेपर्यंत ४८५ च्याच अटी. ४८५ संपल्यावर ब्रिजिंग ए वर देशाबाहेर गेलात तर तो संपतो. गणपतीला घरी जायचं असेल तर आधी ब्रिजिंग बी घ्या, त्यावर बाहेर जाऊन परत येता येतं. माझ्या ओळखीच्या एकाने वडिलांच्या आजारपणात हे न बघता विमान पकडलं आणि महिनोन्‌महिने परत येता आलं नाही. तो अर्ज तातडीने करता येतो, प्रवासाचं कारण आणि पुरावा जोडायचा. १८९ किंवा १९० चा अर्ज केलेल्यांना मेडिकेअर या सरकारी आरोग्यसेवेसाठीही विचारता येतं.

नाही आलं, आणि परत जावं लागलं तर

ही शक्यता घरात मोठ्याने बोलून ठेवा. आई-वडिलांनाही आधीच सांगा, विमानतळावर नको. परत जाणं म्हणजे ईओआय संपणं नव्हे. १८९ चा अर्ज देशाबाहेरूनही करता येतो, फक्त ब्रिजिंग व्हिसा मिळत नाही आणि निकालाची वाट तिकडे बघावी लागते. इथे शिकल्याचे गुण जात नाहीत. त्याच व्यवसायात पुण्याला काम केलं तर ते परदेशी अनुभव म्हणून मोजलं जातं, तीन वर्षांना ५, पाचला १०. वेळेत, स्वच्छ नोंदीने निघालेल्याला उद्या बोलावणं आलं तर काही आडवं येत नाही.

निघण्याआधी मालकाकडून लेटरहेडवर पत्र घ्या: पद, तारखा, आठवड्याचे तास, कामाची यादी, पगार, सही करणाऱ्याचा फोन. सहा महिन्यांनी मॅनेजर बदलतो आणि मग ते पत्र मिळवायला दहा ईमेल लागतात. सुपर काढायची घाई करू नका. तात्पुरत्या रहिवाशाने देश सोडून काढताना साधारण ३५ टक्के कर कापला जातो, म्हणून परत यायची शक्यता असेल तर आधी हिशेब मांडा.

आणि ईओआयमधला ईमेल बघा. भाचीने तो विद्यापीठाचा दिला होता. तो पत्ता पुढच्या महिन्यात बंद होणार होता. बोलावणं त्यावर आलं असतं आणि तिला कळलंही नसतं. त्या रात्री आम्ही तो बदलला, कालनिर्णय पुन्हा फ्रिजवर लावलं. १८ जूनच्या चौकोनात तिने बॉसचं नाव लिहिलं, आणि त्याच्या आधीच्या एका शनिवारी मराठीत "परीक्षा".